केंद्र जुन्याचंच

आंबा घाट उतरताना सरांच्या अॅम्बॅसॅडरचा दुसरा गिअर सुटला. वळणावर, पावसात, मागे उसाचा ट्रक असताना. ब्रेक शाबूत होते म्हणून काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझ्या शेडवर आले आणि किल्ली हातात देत म्हणाले, "मिस्त्री, ह्या गाडीवर माझा अजून जीव आहे, पण आता तिची भीती वाटायला लागलीय. ती भीती तेवढी काढून द्या."

गाडी १९६४ ची, मार्क टू. सरांच्या वडिलांनी घेतलेली. बॉडीवर दोन वेळा रंग चढला असला, तरी आतलं इंजिन पहिलंच, १४८९ सीसीचं. गाडीचा साचा इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्रीचा. १९५७-५८ च्या सुमारास तो बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात आला आणि २०१४ पर्यंत थोड्याफार फरकाने तसाच निघत राहिला. गाडीतलं हे इंजिन बीएमसीच्या, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या, बी सिरीजचं. ह्याच मापाचं इंजिन तिकडे १९५५ मध्ये एमजीए ह्या स्पोर्ट्स मोटारीतही बसलं होतं. म्हणजे सरांची लग्नकार्याला जाणारी गाडी आणि ती उघड्या टपाची इंग्लिश मोटार नात्याने चुलत बहिणी.

ह्या इंजिनाचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय पुढचं काम समजणार नाही. सिलिंडरचा व्यास ७३ मिलिमीटरच्या आसपास आणि स्ट्रोक जवळजवळ ८९. पिस्टनला लांब चालावं लागतं. क्रँकला मेन बेअरिंग फक्त तीन. असं इंजिन खालच्या फेऱ्यांवर बैलासारखं ओढतं, पण त्याला पळवत ठेवलेलं सोसत नाही. सरांच्या गाडीत ताशी ८० चा वेग धरला की माझ्या हिशेबाने इंजिन मिनिटाला साधारण ३००० फेऱ्यांवर जातं. १९६४ साली रस्तेच असे होते, की हा वेग क्वचित यायचा. आज कोल्हापूरहून पुण्याला जाताना महामार्गावर तोच वेग तासन्‌तास धरावा लागतो. नाहीतर मागचे लोक जगू देत नाहीत.

गिअरबॉक्स उतरवून उघडला. चार गिअरचा, पहिल्याला सिंक्रो नसलेला. पहिला टाकायचा तर गाडी पूर्ण उभी राहायला हवी, नाहीतर दात कुरकुरतात. दुसऱ्याची सिंक्रो रिंग गुळगुळीत झाली होती, दातांच्या कडा गोल झाल्या होत्या, ले शाफ्टवर खड्डे पडले होते. शिवाय स्टिअरिंगखालच्या दांड्यापासून बॉक्सपर्यंत येणाऱ्या सळ्या आणि सांधे, प्रत्येकात थोडी थोडी ढिलाई. महिनाभर मी सुटे भाग शोधले. भंगारात जे मिळाले ते आमच्यापेक्षा चांगले नव्हते. झिजलेल्याच्या जागी झिजलेलं घालून सरांना पुन्हा त्या घाटात पाठवायला माझं मन तयार झालं नाही.

म्हणून मी नव्या बॉक्सचा विषय काढला. नव्वदच्या दशकात ह्याच अॅम्बॅसॅडरला इसुझूचं १८१७ सीसीचं इंजिन बसू लागलं आणि त्याबरोबर पाच गिअरचा, जमिनीवर दांडा असलेला बॉक्स आला. सगळे पुढचे गिअर सिंक्रोचे, पाचवा ओव्हरड्राइव्ह. म्हणजे कूळ एकच, पिढी वेगळी. जुन्या इंजिनामागे तो बसवायचा.

सर बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "एक अट आहे. उद्या मी नसताना माझ्या नातवाला वाटलं, की आजोबांची गाडी होती तशी करावी, तर त्याला ती करता आली पाहिजे. कापाकापी करू नका."

अट ऐकून मला पहिल्यांदा ती अडचण वाटली. तिच्यामुळेच काम नीट झालं हे नंतर कळलं.

त्या अटीला आणखी एक कारण होतं. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या आणि मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते, 'व्हीए' अक्षरांच्या नंबराची. सरांना ती आज नको होती. ती नोंदणी असली की गाडी रोज रस्त्यावर काढता येत नाही आणि त्यांना तर गाडी वापरायचीच होती. पण पुढच्यांसाठी ती वाट बुजवायची नव्हती. गाडीत केलेल्या बदलांविषयी मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये बंधनं आहेत, म्हणून मी त्यांना सांगितलं, की काम सुरू करण्याआधी परिवहन कार्यालयात जाऊन विचारा, जे सांगतील ते लेखी घ्या. सर शिक्षक माणूस. फाईल करून घेऊन आले, मगच मी पान्याला हात लावला.

बॉक्स एका मोडीत निघालेल्या गाडीचा मिळाला. उघडून धुतला, बेअरिंगं आणि सील बदलली. मग पाचवा टाकून इनपुट शाफ्ट हाताने दहा फेरे फिरवला आणि मागच्या टोकाचे फेरे मोजले. अकराहून जास्त, बाराला थोडे कमी. ह्याचा अर्थ महामार्गावर त्याच ८० च्या वेगाला इंजिनाचे मिनिटाला चारशेहून जास्त फेरे वाचणार. तीन बेअरिंगांच्या क्रँकसाठी ही विश्रांती मोठी आहे.

आता दोघांना जोडायचं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावरची भोकं एका नकाशात, नव्या क्लच हाऊसिंगची दुसऱ्या. मध्ये एक जाड प्लेट हवी, जिच्या एका अंगाला इंजिनाची भोकं असतील आणि दुसऱ्या अंगाला बॉक्सची. २० मिलिमीटर जाडीची अॅल्युमिनियमची प्लेट घेतली. प्लेट आली की बॉक्स तेवढाच मागे सरकतो आणि इनपुट शाफ्टचं टोक क्रँकच्या मागच्या बुशात नीट पोचत नाही. हा बुश दिसायला अंगठ्याएवढा, पण शाफ्टचं पुढचं टोक त्याच्याच आधाराने तरंगत असतं. म्हणून पायरीचा लांब बुश करायचा ठरलं.

तो करायला मी शेजारच्या शेडमधल्या लेथवाल्या मामांकडे गेलो. मामांचं वय सत्तरीच्या पुढे. नावाजलेले कारागीर म्हादबा मेस्त्री ह्यांच्या ह्या गावात ज्यांनी गुऱ्हाळांची आणि विहिरींवरची ऑइल इंजिनं उभी केली, त्यांच्या हाताखाली शिकलेला माणूस. फॉस्फर ब्राँझचा तुकडा चकात बांधता बांधता त्यांनी विचारलं, "क्रँकातलं भोक मोठं करायचं का बुश बारीक करायचा?"

"क्रँकाला हात लावायचा नाही, मामा. सरांची अट हाय."

"मग बरोबर हाय," मामा म्हणाले. "जुनं माप ते माप. नव्यानंच जुळवून घ्यायचं."

हे वाक्य मी शेडच्या फळ्यावर खडूने लिहून ठेवलं आणि पुढचं प्रत्येक पाऊल त्याच्याशी ताडून टाकलं. नव्या क्लचच्या प्रेशर प्लेटची भोकं जुन्या फ्लायव्हीलवर बसत नव्हती. जुन्या फ्लायव्हीलला भोकं पाडणं दहा मिनिटांचं काम होतं. ते केलं नाही. भंगारातून दुसरं फ्लायव्हील आणलं, त्याचा चेहरा लेथवर साफ केला, त्याला भोकं पाडली, बॅलन्स करून घेतलं. जुनं फ्लायव्हील ग्रीस लावून, कापडात गुंडाळून ठेवलं. क्लच प्लेट निवडताना बाहेरचा व्यास फ्लायव्हीलचा आणि मधल्या खाचा नव्या शाफ्टच्या, असं पाहून घेतलं. स्टार्टर जुन्याच जागी ठेवला. त्याच्या तोंडाला नवं हाऊसिंग घासत होतं, तर हाऊसिंग घासून कमी केलं. प्रोपेलर शाफ्टची लांबी बदलावी लागणार होती. मूळ शाफ्ट तसाच ठेवला आणि दुसरा आणून कापला, जोडला. जोडताना दोन्ही टोकांचे योक एका रेषेत ठेवले. ती रेष चुकली, तर सगळी गाडी थरथरते आणि माणूस टायरला दोष देत फिरतो. बॉक्सच्या मागच्या टोकाखाली नवी आडवी पट्टी केली, पण ती बसवली बॉडीवर आधीपासून असलेल्याच भोकांत.

फक्त एका ठिकाणी अट पाळता आली नाही. नवा दांडा जमिनीतून वर येतो. तळाच्या पत्र्याला तळहाताएवढं गोल भोक पाडण्यावाचून इलाज नव्हता. मी सरांना बोलावून जागा दाखवली. त्यांनी वाकून पाहिलं, पत्र्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाडा. पण निघेल ती चकती मला द्या." मी भोक कोर कटरने पाडलं, म्हणजे चकती अखंड निघेल. तिच्या मागे पेनाने गाडीचा नंबर आणि तारीख लिहिली.

पाच महिन्यांनी इंजिन आणि बॉक्स एका साखळीला लटकून गाडीत उतरले. पहिल्या फिरकीला सर शेजारी बसले होते. कागलच्या दिशेने निघालो. पहिला चालत्या गाडीत पडला, दुसरा ठरला, आणि महामार्गावर पाचवा टाकला तेव्हा इंजिनाचा आवाज असा खाली बसला, की सरांनी माझ्याकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. काही बोलले नाहीत.

त्या आनंदात मी एक आवाज ऐकूनही सोडून दिला. क्लच दाबला, की एक बारीक घूं यायची. नवं आहे, बसेल, असं मनाला सांगितलं. दोनशे किलोमीटरांत ती घूं वाढली, क्लच पूर्ण सुटेना, रिव्हर्स टाकताना दात वाजू लागले.

सगळं पुन्हा उतरवलं. मामांनी केलेला बुश हातात घेतला आणि पाहत राहिलो. भोक गोल राहिलं नव्हतं, एका अंगाला खाल्लं गेलं होतं. क्लच प्लेटभोवती ब्राँझची सोनेरी पूड पसरली होती. मामा आले. त्यांनी बुश उजेडात फिरवला आणि विचारलं, "प्लेट कशावरनं आखली होतीस?"

तिथेच माझी चूक उघडी पडली. बॉक्सच्या हाऊसिंगचा कागदावर ठसा घेऊन मी बोल्टांची भोकं आखली होती आणि त्या भोकांच्या मधून प्लेटचं केंद्र काढलं होतं. पण बोल्टांची भोकं घट्ट धरण्यासाठी असतात, नेमकं बसवण्यासाठी नव्हे. त्यांना थोडी सूट दिलेलीच असते. मी नव्या भागाच्या आकारावरून केंद्र ठरवलं होतं. फळ्यावरचं वाक्य फ्लायव्हीलला, शाफ्टला, पत्र्याला लावलं, आणि जिथे सगळ्यात जास्त लावायला हवं होतं तिथे विसरलो.

प्लेट पुन्हा इंजिनाला बांधली. फ्लायव्हीलवर डायल (सुईने बारीक हालचाल दाखवणारा मापक) बसवला, सुई प्लेटच्या मधल्या गोल भोकाच्या कडेला टेकवली आणि क्रँक हाताने सावकाश फिरवला. एका फेऱ्यात सुई ०.४२ मिलिमीटर हलली. म्हणजे केंद्र त्याच्या निम्म्याने, ०.२१ ने सरकलेलं. नखाच्या जाडीहून कमी. डोळ्याला दिसणार नाही, बोटाला कळणार नाही. पण शाफ्टचं टोक एका केंद्रावर आणि अंग दुसऱ्या केंद्रावर फिरायला लागलं, की मिनिटाला हजारो वेळा तो फरक बुशाच्या भिंतीवर आपटतो.

मग काम शिस्तीने झालं. नवी प्लेट घेतली. ती आधी इंजिनावर बसवली, क्रँकच्या केंद्राशी जुळवली आणि त्याच जागी दोन डॉवेल पिनांनी, म्हणजे नेमकी जागा धरणाऱ्या घट्ट खुंट्यांनी, कायम केली. मधलं भोक त्या केंद्रावरून बोअर केलं. नंतर गिअरबॉक्स मिलिंग मशीनच्या टेबलावर उभा बांधला, इनपुट शाफ्टभोवती डायल फिरवून मशीनचा स्पिंडल त्याच्या बरोबर डोक्यावर आणला आणि तिथून हाऊसिंगच्या डॉवेल भोकांची अंतरं घेतली. तीच अंतरं प्लेटच्या दुसऱ्या अंगाला, बोअरच्या केंद्रापासून उतरवली. बोल्ट सगळ्यात शेवटी. पुन्हा डायल लावला. सुई ०.०६ हलली. मी एवढ्यासाठी ०.१० ची हद्द धरली होती. मामांनी स्वतः एकदा क्रँक फिरवून पाहिला आणि म्हणाले, "आता ह्यो जोड न्हाई, आता एकच इंजिन हाय."

बसवल्यावर आवाज नव्हता. क्लच हलका सुटत होता. स्पीडोमीटरचा काटा मात्र खोटं सांगत होता. नव्या बॉक्समधून केबलला मिळणारे फेरे वेगळे होते. महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांवर घड्याळ लावून आम्ही तीन वेळा मोजलं आणि त्याप्रमाणे मध्ये छोटी गिअरची डबी घातली. मूळ मीटर उघडलं नाही.

तेव्हापासून सर पुण्याला चार वेळा जाऊन आले आहेत. खंबाटकी घाट चढताना गाडी तिसऱ्यात निवांत जाते. मागच्या गणपतीत ते रत्नागिरीलाही गेले, त्याच आंबा घाटाने. परतल्यावर शेडवर आले, चहा घेतला आणि म्हणाले, "दुसरा धरून राहिला, हात नाही लावला." एवढंच. भीती गेली होती.

ह्या कामाने मला माझ्या धंद्याविषयी एक गोष्ट पक्की शिकवली. आमच्या गल्लीत जुन्या गाड्यांना नवी अंगं जोडण्याची कामं रोज येतात. घाई असते, गिऱ्हाईक डोक्यावर उभं असतं आणि वेल्डिंगचा दांडा हाताशी असतो. जुन्या भागाला कापणं नेहमीच सोपं जातं, कारण तो जुना आहे, त्याला कोण विचारतो. पण जुना भाग एकच असतो. नवा बिघडला तर दुसरा मिळतो, प्लेट बिघडली तर दुसरी कापता येते. मी कापली. तीच चूक क्रँकवर किंवा ब्लॉकवर केली असती, तर १९६४ पासून चाललेलं एक इंजिन माझ्या हातून संपलं असतं. ते वाचलं ह्यात माझी हुशारी नाही. सरांनी अट घातली होती, म्हणून चूक दुरुस्त होण्याजोगी राहिली.

तरुण कारागीर मला विचारतात, जुन्या गाडीत नवा बॉक्स टाकावा का. गाडी मूळ रूपात चालण्यासारखी असेल, तर टाकू नये. ती तशीच जपावी. सुटे भाग मिळत नसतील आणि मालकाला गाडी चालवायची असेल, तर जरूर टाकावा. उभी राहून गंजणाऱ्या गाडीपेक्षा चालणारी गाडी बरी. पण टाकताना केंद्र क्रँकवरून घ्या. डॉवेल आधी, बोल्ट नंतर. डायल लावल्याशिवाय बॉक्स चढवू नका आणि क्लचमधला बारीक आवाज बसेल म्हणून सोडू नका. जुन्याला भोक पाडायची वेळ आली, तर आधी भंगारात त्याचा जोडीदार शोधा. जे काढाल ते फेकू नका. जे जोडाल त्याचा कागदावर नकाशा काढा, मापं लिहा आणि मालकाच्या हातात द्या. तुमच्यानंतर ती गाडी उघडणारा माणूस तुम्हाला ओळखत नसेल. त्याला वाचायला तेवढाच कागद असेल.

सरांच्या माळ्यावर एक लाकडी खोकं आहे. त्यात जुना चार गिअरचा बॉक्स, फ्लायव्हील, स्टिअरिंगखालचा दांडा आणि त्याच्या सळ्या आहेत. मूळ प्रोपेलर शाफ्ट खोक्याशेजारी भिंतीला टेकवलेला आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला प्लेटचा नकाशा चिकटवला आहे आणि तळाच्या पत्र्याची ती गोल चकती तारेने बॉक्सला बांधून ठेवली आहे.

(अनुभव लिहिताना सरांची परवानगी घेतली आहे. खोकं अजून तिथेच आहे.)